पाच जणांनी तपासलेलं कॉन्ट्रॅक्ट

"दाजी, ऑडिट झालंय ना?" मेहुण्याने फोनवर विचारलं होतं. मी ठामपणे हो म्हणालो. त्याचे दीड लाख आणि माझे साडेतीन लाख गेले. माझ्या त्या 'हो'ला आधार काय होता हे मी पैसे गेल्यावर तपासलं. आधी बघितलं असतं तर वीस मिनिटं पुरली असती.

स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेलं क्रिप्टो चलन) ठेवा, व्याज मिळवा असा पूल, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र ठेवणारी क्रिप्टो योजना होती. वेबसाइटवर वरच हिरवा शिक्का: कम्युनिटीने प्रमाणित केलेलं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा, पैसे हाताळणारा कोड. पद्धत मला मनापासून पटली होती. महागड्या ऑडिट कंपनीऐवजी स्वतंत्र रिव्ह्यूअर कोड वाचणार, स्वतःकडचं टोकन (क्रिप्टो नाणं) तारण ठेवणार, चूक नजरेतून सुटली तर तारण जप्त होणार. पाचही जणांनी 'सुरक्षित' म्हटलं होतं. अहवाल चौदा पानांचा. मी पहिलं पान आणि निकाल वाचला.

एका मंगळवारी सकाळी पूल रिकामा दिसला.

मग मात्र सगळा अहवाल वाचला. आपण ज्या पत्त्यावर पैसे पाठवत होतो ते प्रॉक्सी होतं. म्हणजे व्यवहाराचे नियम त्यात नसतात, ते मागच्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असतात, आणि प्रॉक्सीचा मालक ते मागचं कॉन्ट्रॅक्ट बदलू शकतो. रिव्ह्यूअरनी जुनं वाचलं. तीन आठवड्यांनी मालकाने नवं बसवलं. ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट) 'अपग्रेडेड' अशी नोंद तारखेसकट पडलेली होती, कुणालाही दिसेल अशी. बदलाचा अधिकार एकाच चावीकडे. ना मल्टिसिग (अनेकांच्या सह्यांची अट), ना टाइमलॉक (बदल लागू होण्याआधीची सक्तीची मुदत). अकराव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की मालकाच्या अधिकारांचा वापर तपासणीच्या कक्षेबाहेर आहे. माझ्या मते तो शिक्का हिरवा असायलाच नको होता.

आम्ही काही जणांनी तारण जप्त करण्याची मागणी केली. उत्तर आलं, "आम्ही पाहिलेल्या कोडमध्ये दोष नव्हता." ते खरंही आहे, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. जप्तीचा निर्णय मतदानाने, आणि मतं इतर रिव्ह्यूअरचीच. तारण प्रकल्पाच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे त्याच सकाळी कवडीमोल झालेलं. पाचही जण टोपणनावाने. नोटीस पाठवायची तर कुणाला?

प्रामाणिक तपासणीतूनही चूक सुटते, हे मान्य आहे. १३ मार्च २०२३ रोजी युलर फायनान्स या क्रिप्टो कर्जाच्या प्लॅटफॉर्ममधून सुमारे १९.७ कोटी डॉलर काढले गेले, तेव्हा त्या कोडची अनेक ऑडिट झालेली होती. पण त्यातल्या शेरलॉक या ऑडिट करणाऱ्या गटाने दोष आपल्याकडून सुटल्याचं मान्य केलं आणि ४५ लाख डॉलरचा दावा मंजूर केला. पुढे हल्लेखोराने बहुतेक रक्कम परतही केली. सांगायचं एवढंच, की तिथे चुकीची किंमत मोजायला कुणीतरी उभं होतं.

म्हणून कळकळीने सांगतो. शिक्का दिसला की अहवालातला कमिट क्रमांक (तपासलेल्या कोडच्या आवृत्तीची ओळख) आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आधी बघा, आणि एक्सप्लोररवर आज तोच कोड चालू आहे का ते जुळवा. प्रॉक्सी असेल तर चावी किती जणांकडे, बदल लागू व्हायला किती दिवस लागतात, हे विचारा. रिव्ह्यूअरचं तारण कोणत्या टोकनमध्ये आहे तेही विचारा. उत्तर टाळलं तर पैसे टाकू नका. आणि आधी कधी अमर्याद अप्रूव्हल (कॉन्ट्रॅक्टला आपल्या वॉलेटमधून हवं तेवढं टोकन काढायची परवानगी) दिलं असेल तर ते आजच रद्द करा. मी पूल रिकामा झाल्यावरही दोन दिवस ते तसंच ठेवलं होतं, आणि वॉलेटमधलं उरलेलंही त्या वाटेने गेलं.

१९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर व्यवहारांचे हॅश (ओळख क्रमांक) देऊन तक्रार नोंदवली. पावती मिळाली आहे, पैसे नाहीत.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी मेहुण्याला दहा हजार पाठवतो. तो नको म्हणतो. पण त्याला 'हो' मी म्हणालो होतो.