एका गिअरचं ड्रिल की दोन गिअरचं?

लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, गोठ्याच्या लाकडी दारांना जाड स्क्रू मारायचेत, घरात भिंतीलाही भोकं पाडायचीत. वायरचं इम्पॅक्ट ड्रिल घेऊ की बॅटरीचं दोन गिअरवालं?"

डब्यावरचा वॅटचा आकडा सोड, गिअर बघ. मोटर तीच असते. गिअरनं फेरे कमी केले की टॉर्क, म्हणजे पीळ, वाढतो. चढावर सायकलीचा गिअर बदलतो तसंच. बॅटरीवाल्यात १ वर मिनिटाला साधारण ४०० फेरे, २ वर १५०० च्या आसपास. म्हणजे १ वर पीळ जवळपास पावणेचारपट. जाड स्क्रू १ वर, बारीक भोक २ वर. शिवाय क्लच असतो, ठरवलेल्या पिळापुढं तो पकड सोडतो, त्यामुळं स्क्रूचं डोकं सहसा झिजत नाही. चालू असताना गिअर मात्र बदलू नको, दाते खराब होतात.

वायरवाल्याला बहुधा एकच गिअर, फेरे ३००० च्या जवळ. सोबत ठोकेही बसतात, विटेच्या भिंतीत झकास चालतं. पण ट्रिगर अर्धवट दाबून जाड स्क्रू रेटलास तर मोटर तापते, कारण आतला पंखाही तेव्हा मंद फिरतो. किंमत कमी, शेतात वीज गेली की काम बंद.

गोठ्यासाठी दोन गिअरचं घे. नुसत्या विटेच्या भिंतीसाठी वायरचं पुरे. वाड्याच्या काळ्या दगडाला यातलं एकही नको, तिथं रोटरी हॅमर, म्हणजे फिरता फिरता जास्त जोरानं ठोके देणारं ड्रिल, भाड्यानं आण.