रायझन ५ ५६००जी : चिप चांगली, जोडणी कच्ची

एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर ऑगस्ट २०२१ मध्ये सुट्या विक्रीसाठी बाजारात आला आणि कमी पैशांत घरीच संगणक जोडू पाहणाऱ्यांच्या यादीत तो अजूनही वरच्या नावांत असतो. कारण उघड आहे. सहा कोअर (गणना करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे), ६५ वॅटची माफक भूक, आणि वेगा ७ ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च निदान तूर्त तरी टळतो. मात्र हा प्रोसेसर घेतलेल्यांकडून ‘गेम अडकतो’ ही तक्रारही तितक्याच वेळा ऐकू येते. तक्रार खरी असते. पण दोष बहुतेक वेळा चिपचा नसून तिला मेमरी कशी पुरवली आहे याचा असतो, असे मला एक संच नीट तपासल्यावर ठामपणे वाटते.

हा संच भुसावळला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा. ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, ५०० जीबीची एनव्हीएमई (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), आणि समोरून अखंड काच असलेले, दिव्यांनी लखलखणारे कॅबिनेट. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ हे दोन खेळ प्रामुख्याने चालायचे. एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा, आकडा कोपऱ्यात पाहिला तर फार वाईट नसे, पण समोरून दोघे-तिघे आले किंवा धूर पसरला की चित्र क्षणभर थबकायचे आणि नेमका त्याच क्षणी खेळाडू मरायचा. दुकानदाराने आधी ‘फॉरमॅट मारून बघा’ असे सांगितले, त्याने फरक पडला नाही तेव्हा ‘भो, कार्डाशिवाय गेम चालतच नसतो’ असा निकाल देऊन नव्या कार्डाचा भाव सांगितला. संच उघडून पाहण्याची तसदी काही कोणी घेतली नाही.

वेगा ७ ला स्वतःची मेमरी नसते, ती संगणकाच्या रॅममधूनच काम भागवते. त्यामुळे साध्या संगणकात रॅमचा वेग हा दुय्यम मुद्दा असला, तरी येथे तो थेट ग्राफिक्सचा वेग ठरवतो. डीडीआर४ ३२०० ची (३२०० हा रॅमच्या वेगाचा आकडा) एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहितीची ने-आण करू शकते. तशाच दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की दोन चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले दोन मार्ग, मिळून हा आकडा ५१.२ जीबीवर जातो. भाच्याच्या स्टिकवर ३२०० छापलेले होते, पण टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी उघडल्यावर वेगापुढे २४०० दिसत होते आणि खाली दोनपैकी एकच स्लॉट वापरात असल्याची नोंद होती. २४०० च्या वेगाने एकटी स्टिक सेकंदाला १९.२ जीबी देते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांनी मिळून एवढ्यावर गुजराण करायची, म्हणजे जेवढे मिळायला हवे त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नव्हते.

वेग कमी असण्याचे कारण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, होते. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो आणि तो चालू केल्याशिवाय मदरबोर्ड सावधपणे कमी वेगावरच रॅम चालवतो. काही कंपन्यांच्या बोर्डांवर याच सोयीला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. संगणक सुरू होताना डिलीट दाबावे, रॅमच्या पानावर जाऊन प्रोफाइल निवडावे, एफ१० दाबून जतन करावे. दोन मिनिटांचे काम. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता, येत नाही हे खरे, पण त्यावरून रॅमचाही वेग वाढवता येत नसेल असा समज अनेकांनी करून घेतलेला दिसतो, तो चुकीचा आहे.

त्याच वेळी ८ जीबीची तशीच दुसरी स्टिक बसवली. बोर्डावर दोनच स्लॉट होते म्हणून विचार करावा लागला नाही. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरावा लागतो. पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन स्लॉटमध्ये शेजारीशेजारी बसवल्या तर दोन स्टिक असूनही एकच चॅनल चालते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारे साधन चॅनलची नोंद दाखवते, तेवढे पाहून घ्यावे. १६ जीबी झाल्यावर ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवणेही परवडू लागले. आधीच्या ८ जीबीतून २ जीबी काढले असते तर उरलेल्या सहात विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि गेम यांची गर्दी झाली असती आणि रॅम संपताच सगळा भार एनव्हीएमईवर जाऊन तेच थबकणे पुन्हा दिसले असते.

यानंतर खेळात पडलेला फरक आकड्यापेक्षा डोळ्यांना अधिक जाणवला. सरासरी एफपीएस वाढलाच, पण मुख्य म्हणजे मधले गचके जवळजवळ गेले; जीटीए ५ सामान्य सेटिंगवर गाडी वेगाने वळवतानाही सलग चालू लागला. नवी कार्ड-खरेदी अर्थातच थांबली.

एक तक्रार मात्र उरली होती आणि ती खास आपल्या भागातली आहे. रात्री सुरळीत चालणारा खेळ मे महिन्यातील दुपारी पुन्हा मंदावू लागला. भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखासुद्धा गरम वाराच फेकतो. अशा हवेत समोरून बंद काच असलेल्या कॅबिनेटने श्वास घ्यायचा कुठून? ५६००जी ची तापमानमर्यादा ९५ अंश आहे, आणि ती जवळ आली की चिप स्वतःचा वेग उतरवते. खोक्यात मिळणारा, प्रोसेसरवर बसवायचा रेथ स्टेल्थ कूलर छोटा आहे, थंड खोलीत तो पुरतो, खानदेशी उन्हाळ्यात त्याची दमछाक होते. समोरची काच सोडून जाळीचे कॅबिनेट घेतले आणि एक पंखा आत हवा ओढणारा, एक मागून बाहेर फेकणारा लावला, तर दिव्यांवर घातलेल्या पैशांपेक्षा ते पैसे कितीतरी सत्कारणी लागतात. आणखी एक गोष्ट, खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये. संगणक गार व्हावा म्हणून ही युक्ती करणारी घरे मी पाहिली आहेत.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचेच असेल, तर या प्रोसेसरची एक मर्यादा विक्रेते सहसा सांगत नाहीत. ५६००जी ला फक्त पीसीआयई ३.० येते (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारा मार्ग, आणि ४.० ही त्याची दुप्पट वेगाची पुढची आवृत्ती), बोर्ड कितीही महागडा असला तरी. जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड पीसीआयई ४.० च्या चारच लेनवर (मार्गातल्या पट्ट्यांवर) बेतलेले आहे आणि त्यात मेमरी ४ जीबीच आहे. या प्रोसेसरसोबत त्याच्या मार्गाचा वेग निम्मा होतो, आणि गेमला ४ जीबी कमी पडू लागले की फटका स्पष्ट दिसतो. दुकानदाराने भाच्याला सुचवलेले कार्ड हेच होते. कार्ड पुढे नक्की घेणार हे ठरलेलेच असेल, तर सुरुवातीलाच साधा रायझन ५ ५६०० घ्यावा. त्यात ग्राफिक्स नाही, पण पीसीआयई ४.० आहे आणि एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) १६ ऐवजी ३२ एमबी आहे.

म्हणून माझी शिफारस मर्यादित आहे. अभ्यास, थोडे एडिटिंग आणि व्हॅलोरंटच्या तोलाचे खेळ एवढीच गरज असलेल्या विद्यार्थ्याने ५६००जी बेलाशक घ्यावा. नवे, भारी खेळ उंच सेटिंगवर हवे असतील त्याने याच्या वाटेला जाऊ नये; दोन स्टिकही तेथे चमत्कार करणार नाहीत. दुकानातून जोडून घेत असाल तर कोटेशनमध्ये ‘१६ जीबी रॅम’ एवढेच न लिहिता ‘८ जीबीच्या दोन स्टिक, ३२००, एक्सएमपी चालू करून’ असे लिहून घ्यावे आणि पैसे चुकते करण्याआधी टास्क मॅनेजरचे ते पान दुकानातच उघडून पाहावे.