टेरी कॅलिअरची ‘व्हॉट कलर इज लव्ह’ एलपी: वापरानंतरचा अनुभव

अमेरिकी गायक-गिटारवादक टेरी कॅलिअरची ही एलपी (विनाइलची मोठी रेकॉर्ड) पावसाळ्यात मागवली आणि उन्हाळ्यापर्यंत भरपूर वाजवली. गाणी अप्रतिम. हातात पडलेली प्रत मात्र भांडून बदलून घ्यावी लागली.

पहिलंच गाणं ‘डान्सिंग गर्ल’, जवळपास नऊ मिनिटांचं. सुरुवातीला गिटार आणि कॅलिअरचा आवाज, तोही इतका हलका की पंखा बंद करावासा वाटतो. नेमकं तिथेच दर फेऱ्याला ‘टक्’. पुढे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि व्हायोलिनं उसळतात, तिथे हे खपून गेलं असतं. रेकॉर्ड धुतली, सुई बदलली, फरक शून्य. उजेडात तिरकी धरली तेव्हा कडेला नखाएवढा फुगवटा दिसला. विक्रेता म्हणे, ‘विनाइलमध्ये एवढं चालायचंच.’ एवढे पैसे मोजल्यावर का चालवून घ्यायचं? व्हिडिओ पाठवून पाठवून शेवटी दुसरी प्रत मिळाली, परतीचं कुरिअर माझ्याच खिशातून. ही स्वच्छ वाजते.

आधी या रेकॉर्डवरचं चार्ल्स स्टेपनीचं वाद्यसंयोजन मला जड वाटायचं. कॅलिअरच्या याआधीच्या, १९६४च्या ध्वनिमुद्रणात गिटार आणि दोन डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्यं), बस्स. (जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला ऐकून त्याने ही दोन बासची जोडी घेतली. निर्माता त्या टेप घेऊन मेक्सिकोला गेला आणि रेकॉर्ड निघायला १९६८ उजाडलं! ऐन उमेदीची चार वर्षं.) पण ऐकता ऐकता मत बदललं. व्हायोलिनं त्याच्या शब्दांवर चढत नाहीत, ओळ संपली की पुढे सरकतात. आता तेवढ्यासाठीच रेकॉर्ड लावतो.

शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन वस्तीत सोल गायक कर्टिस मेफील्डच्या सोबतीने वाढलेला हा माणूस. रेकॉर्डी खपल्या नाहीत. १९८३मध्ये मुलीला सांभाळायचं म्हणून गाणं सोडलं, प्रोग्रॅमिंग शिकून शिकागो विद्यापीठात नोकरी धरली. इंग्लंडमधल्या डीजेंनी त्याची जुनी गाणी उचलली, तेव्हा रजा काढून तिकडे कार्यक्रमांना जायचा. ‘टाइमपीस’ हा अल्बम आला थेट १९९८मध्ये. २०१२मध्ये गेला. असा गळा असलेल्या माणसाला गाण्यासाठी रजा टाकावी लागली, याचा मला खरंच राग येतो.

फक्त ऐकायचंच असेल तर सीडी घ्या, स्वस्त पडते. एलपी घेणार असाल तर परतीची मुदत आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी विचारून घ्या.