लिनक्सवर प्रोसेसरची वीजबचत: पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, ट्यून्ड की टीएलपी?

लिनक्समध्ये प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग किती ठेवायचा ते ठरवणारं धोरण) 'पॉवरसेव्ह' आहे असं दिसलं की अनेकजण दचकतात. प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातोय असं समजून तो लगेच 'परफॉर्मन्स' करून टाकतात, आणि ठीकठाक चालणारा लॅपटॉप तापायला लागतो. घोळ नावाचा आहे. 'पॉवरसेव्ह' या एकाच नावाचे लिनक्समध्ये दोन अगदी वेगळे अर्थ होतात आणि आपल्याला कोणता लागू आहे ते प्रोसेसरचा वेग हाताळणाऱ्या ड्रायव्हरवर ठरतं. म्हणून ही सेटिंग सांभाळायला शीर्षकातलं कोणतं साधन ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. आपल्या मशीनवर ड्रायव्हर कोणता आहे, ते आधी बघायचं.

ड्रायव्हर बघा, मग गव्हर्नर

टर्मिनलवर 'सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो' ही आज्ञा चालवा. (इथे नागरीत दिलेल्या आज्ञा आणि सेटिंगची नावं टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत टाकायची.) सुरुवातीच्याच ओळींत ड्रायव्हरचं नाव येतं. त्यावरून तीन घरं पडतात.

'इंटेल_पीस्टेट' हा ड्रायव्हर 2013 मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) 3.9 बरोबर आला. स्कायलेक (2015) आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या इंटेल प्रोसेसरवर तो सहसा 'अ‍ॅक्टिव्ह' मोडमध्ये असतो. इथे फ्रीक्वेन्सी किती ठेवायची ते प्रोसेसर स्वतःच ठरवतो, कर्नल फक्त कल सांगतो. गव्हर्नर दोनच असतात: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. पॉवरसेव्ह असला तरी काम आलं की प्रोसेसर थेट टर्बोपर्यंत (नेहमीच्या वेगाच्याही वर) जातो, म्हणजे नाव सोडलं तर त्यात रांगण्यासारखं काही नाही. खरी मूठ वेगळीच आहे, तिला ईपीपी (वेग हवा की बचत, हा कल सांगणारा आकडा) म्हणतात. तिची किंमत 0 ते 255 असते: 0 म्हणजे पूर्ण कल वेगाकडे, 128 म्हणजे 'बॅलन्स_परफॉर्मन्स', 192 म्हणजे 'बॅलन्स_पॉवर' आणि 255 म्हणजे पूर्ण कल बचतीकडे.

एएमडीकडे झेन 2 पासून पुढे 'एएमडी_पीस्टेट' आहे. तो 2022 मध्ये कर्नल 5.17 मध्ये आला, त्याचा अ‍ॅक्टिव्ह मोड 2023 मध्ये 6.3 मध्ये. तेव्हा ड्रायव्हरचं नाव 'एएमडी-पीस्टेट-ईपीपी' असं दिसतं आणि वागणूक वर सांगितली तशीच. नवा रायझन असूनही हे नाव दिसत नसेल, तर बायोसमध्ये सीपीपीसी (या ड्रायव्हरला लागणारी प्रोसेसरची सोय) बंद आहे का ते तपासा. ते बंद असेल तर मशीन गुपचूप जुन्या ड्रायव्हरवर जातं.

तो जुना ड्रायव्हर म्हणजे 'एसीपीआय-सीपीयूफ्रेक'. इथे पॉवरसेव्हचा अर्थ शब्दशः घ्यायचा: प्रोसेसर सगळ्यात खालच्या फ्रीक्वेन्सीवर खिळवून ठेवला जातो. एचडब्ल्यूपी (फ्रीक्वेन्सी स्वतः ठरवायची प्रोसेसरची सोय) नसलेल्या जुन्या इंटेल मशीनवर कर्नल 5.7 पासून 'इंटेल_सीपीयूफ्रेक' असं नाव दिसतं. तिथेही हाच अर्थ. समजा, प्रोसेसर 800 मेगाहर्ट्झ ते 3.2 गिगाहर्ट्झ असा आहे. एका सेकंदाचं गणिती काम खालच्या टोकाला चार सेकंद चालणार, आणि त्या चारही सेकंदांत मेमरी, कॅशे आणि प्रोसेसरचा बाकी भाग जागाच राहणार. काम उरकून गाढ झोपी जाणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. या घरात 'शेडयुटिल' हाच गव्हर्नर ठेवावा. तो 2016 च्या 4.7 कर्नलपासून आहे आणि शेड्युलरला (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला) लोड माहीत असतो म्हणून योग्य वेळी फ्रीक्वेन्सी वरखाली करतो.

आता एक नेहमीची अडचण. ईपीपी बदलायला जावं तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा निरोप येतो. परवानगी असते, फाइलचा पत्ताही बरोबर असतो. कारण एवढंच की गव्हर्नर परफॉर्मन्सवर आहे आणि त्या अवस्थेत ड्रायव्हर ईपीपी 0 वर धरून ठेवतो. आधी गव्हर्नर पॉवरसेव्ह करा, मग ईपीपी लिहा. हे हाताने केलेले बदल रीबूटनंतर उडतात. ते टिकवायचं काम खालच्या साधनांचं.

पॉवर-प्रोफाइल्स-डीमन

नोम आणि केडीई या डेस्कटॉपच्या मेनूत 'पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स' ही तीन नावं दिसतात, त्यामागे बहुतेक डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांवर) हाच डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम, असतो. तो जे करतो ते मोजकं आहे आणि म्हणूनच चांगलं आहे. ईपीपी बदलतो आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरला प्रोफाइल कळवतो, म्हणजे पंखा आणि वॉटची मर्यादाही त्याप्रमाणे बदलते. ही दुसरी गोष्ट हाताने ईपीपी लिहिणाऱ्यांच्या हातून नेहमी सुटते. 2024 मधल्या आवृत्त्यांपासून बॅलन्स्डमध्ये बॅटरीवर गेल्यावर ईपीपी आपोआप 'बॅलन्स_पॉवर' होतं. एखादाच जड प्रोग्रॅम पूर्ण वेगात चालवायचा असेल तर 'पॉवरप्रोफाइल्ससीटीएल लाँच' वापरा. प्रोग्रॅम संपला की प्रोफाइल पूर्ववत होतं.

मात्र 'पॉवरप्रोफाइल्ससीटीएल लिस्ट' चालवल्यावर ड्रायव्हरच्या जागी फक्त 'प्लेसहोल्डर' आलं, प्रोसेसरच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच दिसलं नाही, तर तो डीमन तुमच्या प्रोसेसरसाठी काहीच करत नाहीये. मेनूतलं बटण दाबलं जातं, परिणाम शून्य. जुन्या 'एसीपीआय-सीपीयूफ्रेक'वाल्या मशीनवर हेच होतं.

ट्यून्ड

रेड हॅटच्या सर्व्हर जगातलं हे साधन. फेडोरा 41 पासून, म्हणजे 2024 पासून, फेडोराने डेस्कटॉपवरही वरच्या डीमनच्या जागी हेच आणलं. 'ट्यून्ड-पीपीडी' नावाचा दुवा जुन्याच नावाने उत्तर देतो, त्यामुळे मेनू तसाच चालतो. कोणत्या बटणाला कोणतं ट्यून्ड प्रोफाइल लागतं ते 'ईटीसी/ट्यून्ड/पीपीडी.कॉन्फ' मध्ये लिहिलेलं असतं, बॅटरीसाठी वेगळा विभागही तिथेच आहे.

ट्यून्डची जमेची बाजू म्हणजे तपासणी. 'ट्यून्ड-एडीएम अ‍ॅक्टिव्ह' प्रोफाइल सांगतं, 'व्हेरिफाय' ते खरोखर लागू आहे का ते पडताळतं. एकाच प्रकारची पंचवीस मशीन सांभाळायची असतील, एखाद्या कॉलेजची लॅब असेल, तर 'बॅलन्स्ड'वर आधारलेलं स्वतःचं छोटं प्रोफाइल बनवून सगळीकडे कॉपी करणं यातच सोपं जातं.

सावध राहायचं ते नावांपासून. 'थ्रूपुट-परफॉर्मन्स' केवळ प्रोसेसरला हात लावत नाही, मेमरीच्या सेटिंगही बदलतं. 'लेटन्सी-परफॉर्मन्स' तर प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊच देत नाही. ते डेटाबेस किंवा ट्रेडिंगच्या सर्व्हरसाठी आहे. घरच्या डेस्कटॉपवर लावलं तर मशीन रिकामं बसलेलं असतानाही वीज खातं, पंखा फिरत राहतो आणि कारण सापडत नाही.

टीएलपी

याची ताकद एका कॉन्फिग फाइलमध्ये आहे. जवळजवळ प्रत्येक सेटिंग चार्जरवर आणि बॅटरीवर वेगळी देता येते. सुरुवातीला एवढंच पुरेसं आहे:

सीपीयू_एनर्जी_परफ_पॉलिसी_ऑन_एसी=बॅलन्स_परफॉर्मन्स
सीपीयू_एनर्जी_परफ_पॉलिसी_ऑन_बॅट=बॅलन्स_पॉवर

प्रोसेसरपलीकडे वायफाय, यूएसबी, सॅटा, पीसीआयई या सगळ्यांची बचत टीएलपी हाताळतं. थिंकपॅडसारख्या लॅपटॉपवर चार्जिंग 75 टक्क्यांना सुरू आणि 80 ला बंद अशी मर्यादाही घालता येते. दिवसभर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीचं आयुष्य वाढवायला प्रोसेसरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा ही मर्यादा जास्त उपयोगी आहे.

बॅटरीवर टर्बो बंद करायची सोयही आहे: 'सीपीयू_बूस्ट_ऑन_बॅट=0'. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि टर्बोला व्होल्टेज चढं लागतं, म्हणून उष्णता झपाट्याने उतरते. पण वेब पान उघडताना, ऑफिसची मोठी फाइल उघडताना जड वाटतं. कायमची डीफॉल्ट म्हणून मी हे सुचवणार नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, खोलीच गरम असताना, जरूर वापरून बघा.

टीएलपीच्या तक्रारी बहुधा प्रोसेसरच्या नसतातच. बॅटरीवर वायफायची बचत चालू झाल्याने पिंग (नेटवर्कवरून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतो, किंवा एखादं यूएसबी उपकरण झोपून उठत नाही. पहिल्यासाठी वायफायची बचत बंद करा, दुसऱ्यासाठी त्या उपकरणाचा आयडी 'यूएसबी_डिनायलिस्ट' मध्ये टाका. पूर्ण टीएलपी काढायची गरज नाही.

दोन साधनं एकत्र नकोत

सगळ्यात जास्त गोंधळ इथून होतो. टीएलपीही चालू आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमनही, मग एकाने लिहिलेलं ईपीपी दुसरा पुसतो. चार्जर काढला-लावला की किंमत बदलते, रीबूटनंतर वेगळीच निघते. टीएलपी ठेवायचं असेल तर तो डीमन आणि ट्यून्ड दोन्ही 'सिस्टिमसीटीएल मास्क'ने बंद करा. इंटेलचं 'थर्मलडी' मात्र राहू द्या, त्याचं काम तापमान आवरणं आहे आणि ते यांच्या आड येत नाही.

कोणत्या मशीनला काय

गेल्या काही वर्षांतला लॅपटॉप असेल तर डिस्ट्रोने दिलेलं बॅलन्स्ड तसंच ठेवा. टीएलपीकडे तेव्हाच वळा, जेव्हा चार्जिंगची मर्यादा किंवा बॅटरीसाठीची बारीक सेटिंग खरोखर हवी असेल. फक्त 'प्लेसहोल्डर' दाखवणाऱ्या जुन्या लॅपटॉपला टीएलपी आणि शेडयुटिल. डेस्कटॉपला बॅलन्स्ड पुरे. व्हर्च्युअल मशीनच्या आत सहसा फ्रीक्वेन्सीचा ताबाच नसतो, सेटिंग होस्टवर, म्हणजे ज्या खऱ्या मशीनवर ते चालतं तिथे, करायची.

चोवीस तास चालणाऱ्या घरच्या सर्व्हरचं वेगळं आहे. दहा वॉट वाचले तर वर्षाला 87.6 युनिट वाचतात, पण ते ईपीपीतून क्वचितच मिळतात. मशीन अगदी रिकामं असताना सगळे कोर झोपलेलेच असतात, तेव्हा ईपीपी काय आहे याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो झोप किती गाढ आहे याने. 'पॉवरटॉप'च्या 'आयडल स्टॅट्स' पानावर पॅकेजचा, म्हणजे अख्ख्या प्रोसेसर चिपचा, स्तंभ बघा. तिथल्या सी-स्टेट म्हणजे झोपेच्या पायऱ्या: आकडा मोठा तितकी झोप गाढ. पॅकेज सी2 किंवा सी3 च्या खाली उतरतच नसेल, तर एखादं पीसीआयई कार्ड किंवा डिस्क त्याला जागं ठेवतेय, नाहीतर बायोसमध्ये सी-स्टेट बंद आहेत. तिथे अर्धा तास घालवलेला कुठल्याही प्रोफाइलपेक्षा जास्त फळतो.

मोजल्याशिवाय मात्र काही ठरवू नका. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, पडद्याचा उजेड एकच ठेवा, आणि बॅटरीच्या फोल्डरमधली 'पॉवर_नाऊ' फाइल दर मिनिटाला दहा मिनिटं वाचा. आकडा मायक्रोवॉटमध्ये असतो, दहा लाखांनी भागला की वॉट मिळतात. काही लॅपटॉपवर ती फाइल नसते, 'करंट_नाऊ' आणि 'व्होल्टेज_नाऊ' यांचा गुणाकार करावा लागतो. चार्जरवर किंवा इंटेल डेस्कटॉपवर 'टर्बोस्टॅट'मधला 'पॅकेज वॉट' स्तंभ उपयोगी पडतो. ही आज्ञा रूट म्हणूनच चालवावी लागते. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर असेल तर सर्वांत उत्तम, कारण तो पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीजही धरतो. आणि बायोस अपडेट केल्यावर किंवा मोठा कर्नल बदलल्यावर 'सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो' पुन्हा एकदा चालवून ड्रायव्हरचं नाव तेच आहे ना, हे बघून घ्या.