लायपोसक्शनआधीचं कन्सल्टेशन : पुण्यातल्या दोन ठिकाणांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दोन्ही ठिकाणांची नावं टाकणार नाहीये, एकाबद्दल वाईट लिहायचंय आणि दुसऱ्याची फुकट जाहिरात करायची नाही. लायपोसक्शन म्हणजे नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, ते माझ्या नणंदेचं, मी फाइल धरून बरोबर, आणि तिला विचारूनच लिहितेय. वय 38, दोन सिझेरियन, वजन तसं बेताचंच पण पोट आणि कमरेचे टायर काही केल्या हलत नव्हते, जिम झालं, डाएट झालं, मग इन्स्टावर जाहिरात दिसली.

पहिलं ठिकाण : 1 स्टार, तोही कॉफी चांगली होती म्हणून.

चकाचक एसी, भिंतभर आरसे, आणि समोर डॉक्टर नाही तर काउन्सेलर. डॉक्टर कधी भेटतील विचारलं तर म्हणे "सर्जरीच्या दिवशी भेटतीलच ना मॅम". टॅबवर बिफोर-आफ्टर फोटो दाखवले, बिफोरमध्ये बाई वाकून उभी आणि आफ्टरमध्ये ताठ, लाइट पण वेगळा, आता याला काय म्हणायचं. वजन किती उतरेल तर "8 ते 10 किलो आरामात", एकाच सिटिंगमध्ये 8 लिटर काढू, संध्याकाळी घरी, आणि आजच टोकन भरलं तर 20 टक्के ऑफ. तिला हात लावून तपासलं कोणी? नाही. बीपी, शुगर, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काही नाही. वर म्हणे शुगर-बीपीचा त्रास पण कमी होतो.

यातलं जवळपास सगळंच चूक. लायपो वजन उतरवायची सर्जरी नाहीच, ती आकाराची आहे, आणि ज्याचं वजन साधारण योग्य वजनाच्या आसपास आहे अशा माणसासाठी आहे. बाटलीत जे जमा होतं ते सगळं चरबी नसतं, त्यात आधी आत सोडलेलं पाणी आणि थोडं रक्तही येतं. एका वेळी 5 लिटरच्या वर काढलं की त्याला लार्ज व्हॉल्यूम म्हणतात आणि अशा पेशंटला रात्रभर दवाखान्यात नजरेखाली ठेवायला हवं, संध्याकाळी रिक्षात बसवून घरी नाही. शुगरचं म्हणाल तर 2004 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अभ्यास आला होता, पोटाची दहा किलोच्या आसपास चरबी काढूनसुद्धा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद काही सुधारला नाही. कारण त्रास देणारी चरबी आत आतड्यांभोवती असते, लायपोची नळी तिथे जातच नाही.

घरी येऊन तिथल्या बोर्डावरच्या डॉक्टरांचं नाव एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) रजिस्टरमध्ये टाकून पाहिलं, ऑनलाइन फुकटात दिसतं, नोंदलेली डिग्री फक्त एमबीबीएस. बोर्डावर मात्र कॉस्मेटिक सर्जन. तुम्ही एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, म्हणजे प्लास्टिक सर्जनची खरी डिग्री, आहे का ते बघा, बाकी परदेशातली दोन दिवसांची सर्टिफिकेटं फ्रेम करून कोणीही लावतं. 2022 च्या मे महिन्यात बंगळुरूत चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढायच्या सर्जरीनंतर गेली, बातमी आठवत असेल. मुलगी हातीपायी धडधाकट होती. म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणार का आणि काही झालं तर आयसीयू कुठे, हे दोन प्रश्न तोंडावर विचारायचे, लाजायचं नाही.

दुसरं ठिकाण : 4 स्टार. एक स्टार वेटिंगचा कापला, अपॉइंटमेंट अकराची आणि नंबर लागला जेवायच्या वेळेला, तोवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि बंद पडलेला टीव्ही. मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी, इंटिरिअर वगैरे काही नाही.

पण डॉक्टर! आधी प्रश्न. अजून मूल हवंय का, पाय कधी सुजले होते का, घरात कोणाला रक्ताची गुठळी झालीय का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, अ‍ॅस्पिरिन, व्हिटॅमिन ई, कुठलं चूर्ण, काढा? मग "सिगरेट, तंबाखू, मशेरी?" आणि नणंद माझ्याकडे बघायला लागली, कारण मशेरी आहे आणि घरात मला सोडून कोणाला माहीत नाही. त्यांनी काही लेक्चर दिलं नाही, निकोटीनने जखमा उशिरा भरतात, चार आठवडे पूर्ण बंद, तरच तारीख देतो, एवढंच. नाहीतर हसून सोडून दिलं असतं कोणीही.

मग तिला उताणं झोपवलं, डोकं जरा उचलायला सांगितलं, आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं ठेवली तर दोन बोटं आरामात आत गेली. म्हणाले "ताई, हे पोट चरबीचं कमी आणि स्नायू फाकल्याचं जास्त आहे, बाळंतपणात होतं, इथे लायपो करून कातडी अजून लोंबेल." खोकायला लावून हर्निया आहे का तेही पाहिलं, कारण लक्षात न आलेला हर्निया असेल तर नळी आतड्याला लागू शकते. आणि मग पोटाची चिमूट धरून दाखवली, चिमटीत येतं तेवढंच निघतं. कमरेच्या टायरची मात्र चांगली मूठभर चिमूट आली, तिथे करू म्हणाले. पोटासाठी टमी टक लागेल, म्हणजे जास्तीची कातडी कापून फाकलेले स्नायू शिवायचे, ती वेगळी आणि मोठी सर्जरी, तिची घाई नको. म्हणजे जास्त पैशाचं काम समोर असून माणूस नको म्हणाला, मला तिथेच पटलं.

पद्धत पण नीट समजावली. सलाइनमध्ये लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन घालून ते पाणी आधी चरबीत सोडतात, त्याने भाग बधिर होतो आणि रक्त कमी जातं, मग बारीक छेदातून नळी घालून ओढतात. ही ट्युमेसंट पद्धत 1980च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी आणली. व्हेझर (अल्ट्रासाउंडचं मशीन), लेझर वगैरे पुढे त्यातच भर म्हणून आली, मशीनपेक्षा हात कोणाचा ते महत्त्वाचं असं डॉक्टरच म्हणाले.

खर्च : एक लाख दहा हजार, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 19,800, हा जीएसटी कोणी आधी सांगतच नाही. भूल, तपासण्या आणि गारमेंट (नंतर घालायचा घट्ट दाबपट्टा) त्यात धरूनच आकडा होता, पहिल्या ठिकाणी हे तिन्ही वेगळे. मेडिक्लेम मिळत नाही, कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीत वगळलेलीच असते. कन्सेंट फॉर्म इंग्रजीत होता, मराठी मागितला तर नाही म्हणाले, सिस्टरने वाचून सांगितला, हे काही बरोबर नाही एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला.

नंतरचं थोडक्यात. पहिला दिवस-दीड दिवस छेदातून लालसर पाणी झिरपतं, जुन्या चादरी आणि खाली प्लॅस्टिक तयार ठेवा, आधी सांगितलं नसतं तर आम्ही घाबरून परत गेलो असतो. दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन उलट वाढलेलं दिसलं, अंगात पाणी असतं, काटा उचलून माळ्यावर टाका. गारमेंट सहा आठवडे, इतका घट्ट की पहिल्यांदा घालायला दोघी लागलो, म्हणून एप्रिल-मेमध्ये करू नका, घामाने जीव जाईल. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने, आता चौथा चालूय, डाव्या बाजूला हाताला किंचित खडबडीत लागतं, हे होऊ शकतं असं फॉर्ममध्ये होतंच. ब्लाउज मात्र सगळे आत घ्यावे लागले, ती खूश आहे. पोट आहे तसंच आहे, तेही तिला माहीत होतं. पिंडरी दुखली किंवा दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते, रात्री-बेरात्री थेट इमर्जन्सीत या असं डिस्चार्ज कार्डावर पेनाने लिहून वर नंबर दिला होता, तो वापरायची वेळ आली नाही सुदैवाने.

जाणार असाल तर फॉलोअपला सकाळचा पहिला नंबर घ्या, बारानंतर तिथे लिफ्टलासुद्धा रांग असते.