पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर माउंटन बाइकच्या वाटा शोधताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोथरूडला राहतो. सायकल साधी हार्डटेल (शॉक फक्त पुढे), २९ इंची चाकं, सव्वादोन इंची टायर. ऑक्टोबरात घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, पुण्यात ट्रेलला काय तोटा, बाहेर पडलात की टेकडीच. टेकड्या आहेतच हो, पण सायकल जाईल अशी वाट सापडायला मे उजाडला. मधल्या काळात जी साधनं वापरली त्यांच्याबद्दल लिहितोय. सायकलबद्दल नंतर कधीतरी.

सगळे आधी उघडतात तोच मीही उघडला, स्ट्राव्हा अॅपचा हीटमॅप, म्हणजे लोक जिथून जास्त जातात त्या वाटा जास्त उजळ दाखवणारा नकाशा. वेताळ टेकडी त्यावर नुसती पेटलेली दिसते. रविवारी सकाळी साडेसहाला महात्मा सोसायटीच्या बाजूने चढलो तर अर्धं कोथरूड वर आलेलं. काठी घेतलेले आजोबा, मोकळी कुत्री, बॅडमिंटनवाले. पंधरा मिनिटांत दहा वेळा उतरलो आणि गुपचूप घरी आलो. चूक माझीच. हीटमॅपवर दिसते ती गर्दी, वाट कशी आहे ते त्यावरून कळत नाही. आता मी पायी आणि सायकल हे दोन थर वेगवेगळे करून बघतो. पायी थर झगझगीत आणि सायकलचा जवळजवळ कोरा असेल, तर तिथे नक्की काहीतरी भानगड असते. कात्रज ते सिंहगडची रेघ अशीच. ट्रेकवाल्यांची लाडकी वाट, पण एकामागून एक उभे डोंगर आणि घसाऱ्याचे उतार. मी दोन डोंगर सायकल खांद्यावर वाहिली आणि मागे फिरलो.

उपग्रहाच्या चित्रांचा मात्र खरा उपयोग झाला. युक्ती एकच: चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते बघायचं. गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं मागे सरकवून बघता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं हिरवं, त्यात वाट गडप. एप्रिल-मेचं चित्र लावलं की वाळलेल्या गवतातून मुरमाच्या वाटा पांढऱ्या दोऱ्यासारख्या उठून दिसतात. सरळ, एकसारख्या रुंदीचे काळपट पट्टे दिसले तर हुरळून जाऊ नका. वनखात्याच्या जाळरेषा असतात त्या, वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून केलेल्या. सरळ उतारावरून खाली येतात, सायकलला त्यांचा काही उपयोग नाही. आणखी एक: खडकवासल्याकडे एनडीएच्या हद्दीतल्या वाटा चित्रात फार देखण्या दिसतात. लांबूनच बघायच्या.

चढ किती आहे हे मात्र चित्रात कळत नाही. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट. १:५०,००० चा नकाशा, संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट मिळतो. त्यावरच्या पायवाटांवर भिस्त ठेवू नये, त्यातल्या बऱ्याच आज प्लॉटिंगच्या पोटात गेल्यात. पण कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, कुठे जात नाहीत. दर २० मीटरला एक रेघ, आणि नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. वाटेच्या एका सेंटिमीटरात तीन रेघा ओलांडल्या तर १२ टक्के चढ. धापा टाकत का होईना, चढतो मी. पाच ओलांडल्या तर २० टक्के, म्हणजे ढकलणं आलं. पट्टी घेऊन बसायचं हे काम मला भलतंच आवडायला लागलंय, घरच्यांना नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा मोबाइलवर ऑफलाइन ठेवतो, कारण टेकडीमागे गेलं की रेंज जाते. त्यात वाटेची अवघडता ० ते ६ अशी नोंदवायची सोय आहे, पण आपल्याकडच्या ज्या वाटा मी पाहिल्या त्यांत बहुतेक ठिकाणी तो रकाना रिकामाच होता. एका दुसऱ्या अॅपने (नाव राहू दे) मला 'सोपी' म्हणून ज्या वाटेवर घातलं ती एका फार्महाऊसच्या भिंतीत जाऊन संपली, आणि भिंतीपलीकडे दोन कुत्री.

पण सगळ्यात जोरात आपटलो ते यांपैकी कशातच नसलेल्या गोष्टीमुळे. नोव्हेंबरमध्ये पिरंगुटच्या अलीकडे एका उतारावर कमरेएवढ्या गवतातून येत होतो. पुढचं चाक अचानक जमिनीत गेलं. सलग समतल चर! पाणी मुरावं म्हणून उतारावर आडवे खणलेले, हा दीड-दोन फूट रुंद, वर गवत वाकून झाकलेला. हँडलवरून पलीकडे. हात-पाय शाबूत, डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर वाकला, आणि मोज्यात एवढी कुसळं की ते मोजे शेवटी टाकूनच दिले. तेव्हापासून गवत उंच असताना नवी वाट आधी चालून बघतो. जिथे एक चर, तिथे खाली ओळीने पुढचे असतातच.

वाटेची खरी पारख शिकवली बोपदेव घाटावरच्या पठारावर गुरं राखणाऱ्या एका मावशींनी. गराड्याच्या बाजूला उतरणाऱ्या दोन वाटा समोर होत्या. विचारलं, "मावशी, ही खाली जाते का?"

"जाती की. पर ती शेरडांची हाय. तुमी गुरांच्या वाटंनं जावा, दादा."

घरी येऊन कंटूरवर ठेवून बघितलं. शेळ्यांची वाट रेघा काटकोनात तोडत खाली गेलेली. गुरांची मात्र रेघांना धरून आडवी-आडवी, वळसे घेत. भरल्या पोटाची म्हैस कशाला उभ्या चढाला जाईल? शिवाय तिच्या अंगाच्या रुंदीने दोन्हीकडची झुडपं बाजूला झालेली, म्हणजे हँडलही अडकत नाही. आता चित्रात आडवी, वळणं घेत पाण्याकडे जाणारी वाट शोधतो. तळं किंवा बंधारा खाली असला की गुरांची वाट बहुधा सापडते.

ऋतूंचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. मार्चनंतर मुरूम सुटा होतो, वळणावर चाक ज्वारीच्या दाण्यांवरून गेल्यासारखं सरकतं. बाभळी-बोरीचे काटे बारमाही. ट्यूबलेस करून सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरल्यापासून पंक्चरसाठी थांबलो तो एकदाच. आणि मेमध्ये वळवाची सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकावी. मुरूम दबून बसतो, टायर असा धरतो की ब्रेक विसरायला होतं.

मावशींच्या वाटेचा शेवटचा किलोमीटर काळ्या मातीच्या शेतांमधून जातो. जूनच्या पहिल्या पावसानंतर हौसेने गेलो, दहा पावलांत पुढचं चाक फोर्कमध्ये आणि मागचं फ्रेममध्ये गच्च. सायकल उचलून बांधावर आणली आणि काडीने माती खरवडत अर्धा तास बसलो. तो टप्पा आता दिवाळीनंतर. पिरंगुटचे चर मात्र नकाशात टाकून ठेवलेत, पाचच्या पाच.