वर्षअखेरची सुट्टी आणि लहान मुलं: मांडू की महेश्वर?

इंदुरात राहणाऱ्याला मांडू आणि महेश्वर काय आहे हे सांगत बसायला नको. शाळेच्या सहलीत एकदा, पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की एकदा, असं दोन्हीकडे आपलं जाणं झालेलंच असतं. म्हणून अंतर, रस्ता, तिकिटं यांत शिरत नाही. माझा मुद्दा त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या घरी एक मूल तीनेक वर्षांचं आहे, एक दुसरी-तिसरीत आहे, सोबत आजी आहे आणि नाताळच्या सुट्टीत दोन रात्री बाहेर काढायच्या आहेत. आमचं घर अगदी असंच आहे. दोन्हीकडे मुलांना घेऊन राहून झालंय आणि आता आमचं ठरलंय.

बाकीचे पर्याय आधीच बाजूला काढतो. उज्जैन आणि ओंकारेश्वरला वर्ष संपताना दर्शनाची झुंबड असते. २०२२ साली महाकाल लोक झाल्यापासून उज्जैनला तर एरवीसुद्धा असते. लेकराला कडेवर घेऊन रांगेत उभं राहण्यातच सुट्टी जाते. पातालपाणी-कालाकुंड मीटरगेज गाडी २०१८ च्या नाताळात सुरू झाली. ती चालू असेल तर मुलांना जरूर दाखवा, पण ते एका दिवसाचं काम आहे.

महेश्वरची बाजू भक्कम आहे, हे पहिल्यांदा मान्य करतो. आपल्या मराठी माणसाचा जीव तिथे अडकलेला असतो. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ इथूनच कारभार पाहिला. एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण, आणि राहायला लाकडी खांबांचा, कौलारू, एखाद्या वाड्यासारखा वाडा. तिथली गादी बघून आमची आई हात जोडून किती तरी वेळ उभी राहते. राजराजेश्वराच्या देवळात अखंड तेवणारे अकरा दिवे आहेत. ते आमच्या मोठीने बोट दाखवून मोजले, मग आजीकडून खात्री करून घेतली की कुणी रात्री विझवत तर नाही ना. किल्ल्यात रेहवा संस्थेचे हातमाग आहेत. १९७९ साली होळकर घराण्यातल्याच मंडळींनी ती संस्था सुरू केली आणि मरगळलेली महेश्वरी साडी पुन्हा उभी राहिली. मागाचा खटखट आवाज, ताण्यावरून धावणारा धोटा, विणणाऱ्या बाईंचे पाय एका तालात खाली-वर होताना बघत आमची दोन्ही मुलं तिथे अर्धा तास तरी खिळून बसली असतील. घाटावरच्या दगडांतलं नक्षीकाम साडीच्या काठात उतरलंय, हे बायकोने मोठीला काठ आणि दगड दोन्ही दाखवून समजावलं.

शिवाय ऊब. विंध्य उतरून निमाडात आलं की हवाच बदलते. इंदुरात सकाळी मुलांना दोन-दोन स्वेटर घालून काढावं आणि महेश्वरला अकरा वाजता दोन्ही पिशवीत टाकावे. ज्यांच्या मुलांना थंडीत खोकला धरतो त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

मग अडलं कुठे? घाटावर. महेश्वरला गेलेला माणूस शेवटी घाटावरच असतो. सकाळ तिथे, संध्याकाळ तिथे, होडी तिथून, बाणेश्वराचं पाण्यातलं देऊळ बघायला तिथूनच जायचं. आणि त्या अख्ख्या वेळात तीन वर्षांच्या पोराचा हात एक क्षणसुद्धा सोडता येत नाही.

हे वाचताना साधं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि काठालाच पाणी खोल आहे. धाकट्याला पाण्यात खडे टाकायचे असतात, माशांना लाह्या घालायच्या असतात, समोरची होडी धरायची असते. त्याचं काही चुकत नाही, त्या वयाला हेच हवं असतं. पण मग आपण त्याचं मनगट धरून वाकून उभे. तो ओढतो, आपण आवरतो. सूर्य मावळताना नर्मदेचा रंग बदलतो असं सगळे म्हणतात. मी त्या वेळी त्याच्या चपलेकडे बघत असतो. दहा मिनिटांनी बायको येते, म्हणते आता मी धरते, तुम्ही आईंजवळ बसा. मी बसतो, पण नजर तिच्याकडेच. आईला नर्मदाष्टक म्हणायचं असतं, तिचंही लक्ष नातवाकडे. आरती सुरू झाली की गर्दी सरकते आणि हात आणखी घट्ट होतो. रात्री खोलीवर येतो तेव्हा पोराचं मनगट लाल आणि आमचे खांदे धरलेले. दिवसभरात त्याला आम्ही "नाही", "थांब", "इकडे ये" याखेरीज काय बोललो ते आठवत नाही.

होडीतही तेच. अंगावर घालायचं जॅकेट लहान मापाचं आहे का, हे बसण्याआधी विचारा. आम्हाला एकदा मोठ्यांचंच मिळालं, ते पोराच्या डोक्यावरून सुटून येत होतं. आम्ही होडीत बसलोच नाही.

कुणी म्हणेल, थोडी काळजी घ्यायची, त्यात काय. खरं आहे. तुमचं मूल शांत असेल, किंवा सोबत काका-मामा असे चार हात जास्त असतील, तर तुम्हाला हे जाणवणारही नाही कदाचित. मी आमच्यापुरतं सांगतोय. पण आमचं मत याच एका गोष्टीने फिरलं.

मांडूला उलटं होतं. जहाज महाल आणि हिंडोळा महालाच्या मधलं ते गवत आहे ना, तिथे पोहोचलो की मी धाकट्याचा हात सोडतो. तो पळतो, पडतो, उठतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. हिंडोळ्याच्या तिरक्या भिंतींना टेकून मोठी विचारते, ही भिंत पडतेय का? पडत नाही, मुद्दाम तशी बांधलीय, हे पटवून देण्यात छान वेळ जातो. जामी मशिदीचं अंगण म्हणजे तर पळायला मैदानच. होशंगशाहच्या मकबऱ्यात आवाज घुमतो, ते कळल्यावर तिथून मुलांना बाहेर काढणं कठीण. ताजमहाल बांधणाऱ्या शाहजहानच्या कारागिरांनी १६५९ साली इथे येऊन आपली नावं दगडात कोरून ठेवलीत. मोठीला सांगितलं तर तिने ती अक्षरं बराच वेळ बघितली.

जहाज महालाच्या गच्चीवर पाणी गाळण्यासाठी दगडात कोरलेली शंखासारखी वळणदार पन्हळ आहे. पाणी त्या वळणांतून जाताना त्याचा वेग कमी होतो, गाळ मागे राहतो आणि निवळलेलं पाणी हौदात पडतं. धाकट्याने त्या कोरड्या पन्हळीतून बोट फिरवत बाहेरून आतपर्यंत आणि परत बाहेर असा प्रवास केला, पुन्हा पुन्हा. मी बाजूला नुसता बसून होतो. मला सुट्टीत हेच हवं असतं. गच्चीला कठडा बेताचाच आहे, मुंज तलाव आणि कापूर तलावही दोन्ही बाजूंना आहेत, तिथे हात धरावाच लागतो, हे सांगून ठेवतो. फरक एवढाच की ती काळजी तेवढ्या वेळेपुरती असते, पूर्ण दिवसाची नसते.

मोठीसाठी आणखी एक. मांडूत भाड्याने सायकली मिळतात आणि आतले रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत. इंदूरच्या रहदारीत तिला सायकल चालवू देण्याची हिंमत होत नाही. इथे ती पुढे आणि मी मागे, रेवाकुंडापर्यंत. वाटेत गोरखचिंचेची ती अवाढव्य खोडं लागतात. बायका रस्त्याच्या कडेला त्याची फळं विकायला बसतात, वरून मखमली लव, आत पांढरा आंबट गर. आमच्याकडे तो गर आणला की वर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरतात, अगदी गराडूच्या तळलेल्या कंदावर घालतात तसं. रूपमतीच्या महालावरून हवा स्वच्छ असली तर लांब खाली नर्मदेची रेघ दिसते. आईने तिथूनच हात जोडले. मोठीने विचारलं, राणीला नर्मदा इतकी आवडायची तर ती नदीजवळच का नाही राहिली? आजीने तिला मांडूच्या बाजबहादूर सुलतानाची आणि १५६१ सालच्या अकबराच्या स्वारीची गोष्ट थोडी सौम्य करून सांगितली.

मांडूच्या उणिवा लपवत नाही. थंडी कडक असते, पठाराच्या टोकावर वारा लागतो, कानटोपी विसरून चालत नाही. जेवणाला फार पर्याय नाहीत. दाल-पानिये मिळाले तर जरूर घ्या, पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे ते पानिये मुलं तुपाबरोबर आवडीने खातात, पण दोन दिवस तेच चालत नाही. खरेदीला काही नाही. चढ-उतार आहेत, आजीचे गुडघे दुखत असतील तर नीलकंठाच्या पायऱ्या तिला उतरायला लावू नका. चतुर्भुज रामाचं देऊळ मात्र गावातच आहे, तिथे ती रमते. आणि संध्याकाळी सहानंतर मांडू मिटतं. अंधार, थंडी, बाहेर करण्यासारखं काही नाही.

पण आमच्या घरात वर्षअखेरची जी एक रीत पडलीय ती या मिटलेल्या संध्याकाळीच नीट होते. चौघं-पाच जण एकाच खोलीत, पांघरुणं घेऊन, मध्ये शेंगदाण्याची चिक्की, आणि मोठी वही उघडून बसते. प्रत्येकाने पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट सांगायची, आणि ती दुसऱ्या कुणाला तरी पटली पाहिजे, तरच वहीत चढते. वजन कमी करणं वगैरे बाद, कारण त्यात मुलांना भाग घेता येत नाही. यंदा जेवताना सगळ्यांचे फोन खणात, ही बायकोची. माझी, महिन्यातून एकदा इंदूरमधलीच एखादी जागा पायी बघायची: कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग, राजवाड्यामागच्या गल्ल्या. आईची सूचना मला सर्वांत आवडली. मोठीने रोज झोपताना एक पान मराठी मोठ्याने वाचायचं. शाळेत हिंदी असल्यामुळे तिला अक्षरं येतात, फक्त ळ अडतो. मित्रमैत्रिणींत सगळं हिंदीतच चालतं आणि घरातही हल्ली निम्मं हिंदी होऊ लागलंय, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. धाकट्याने काय सांगितलं? "रोज मांडू." तेही वहीत लिहिलं.

या वहीचा पहिला हिशेब आम्ही संक्रांतीला करतो. तेव्हा तीळगूळ असतो, धाकट्याचं बोरनहाण असतं, खाली पोरं विटीदांडू खेळत असतात, सगळे घरात असतात. दोन आठवड्यांत जे टिकलं ते पुढे चालवायचं, जे टिकलं नाही ते सोपं करून घ्यायचं. फोन खणात ठेवण्याचा नियम असाच "फक्त रात्रीच्या जेवणाला" एवढा छोटा झाला आणि मग टिकला. महेश्वरला ही बैठक आम्हाला जमली नव्हती. संध्याकाळ घाटावर गेली आणि खोलीवर येईपर्यंत मुलं पेंगुळली.

एक सल्ला दोन्ही ठिकाणांसाठी: ३१ डिसेंबरची रात्र बाहेर काढू नका. त्या रात्रीचे दर चढतात, आणि एका हॉटेलात तर आम्हाला जेवणाबरोबर मध्यरात्रीपर्यंत डीजे सोसावा लागला, धाकटा दचकून दचकून उठत होता. २६ ते २८ किंवा २७ ते २९ जा. ३१ ला घरी गराडू तळा, शेजाऱ्यांना बोलवा. १ तारखेला खजराण्याला जायचंच असेल तर पहाटे उठून जा, नाहीतर सरळ दोन तारखेला जा, गणपती तोच असतो.

तर माझं मत: मुलं आठ-नऊ वर्षांच्या वरची असतील, किंवा घरात मूलच नसेल, तर महेश्वर आधी, यात मला शंका नाही. धाकटं मूल पाचच्या आतलं असेल तर मी मांडू म्हणेन. दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो, पण आम्ही येत्या डिसेंबरची खोली मांडूलाच ठेवलीय.

आणि आजीचं काय? तिला नर्मदा हवीच असते, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी येताना वाट बदला. जाताना बेटमा, धार, नालछा असे जा, त्या वाटेवर घाट जवळजवळ नाही, गाडी लागणाऱ्या मुलांना बरं पडतं. परतताना मांडूवरून सकाळी लवकर निघून धामणोदवरून महेश्वरला उतरा, ते मांडूपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. आजीबरोबर एक जण घाटावर जाईल, तिचं स्नान, दर्शन सावकाश होऊ द्या. दुसऱ्याने मुलांना घेऊन थेट किल्ल्यात, मागांपाशी जावं. घाटावर मुलांना नेऊच नका. दोन-अडीच तास पुरतात. मग मंडलेश्वरवरून जाम दरवाजाच्या वाटेने वर चढा. अहिल्याबाईंच्याच काळातला तो दरवाजा आहे, तिथे थांबून डबा खा, खाली निमाड पसरलेलं दिसतं, आणि पुढे महू गाठा. दिवेलागणीपर्यंत घरी पोहोचता.